गणित मेजर असताना मायनरला इकॉनॉमिक्स घ्यावं का?

काटोलच्या एका मुलीचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "मी बी.एस्सी.ला आहे, मेजर म्हणजे मुख्य विषय गणित. नागपुरात होस्टेलवर राहते. दुसऱ्या वर्षासाठी मायनर, म्हणजे जोडीचा दुय्यम विषय, निवडायचा आहे आणि यादीत इकॉनॉमिक्सही आहे, कॉम्प्युटर सायन्सही. अकरावी-बारावी सायन्स, त्यामुळे इकॉनॉमिक्स कधी शिकले नाही. पुस्तक चाळलं तर नुसत्या व्याख्या दिसल्या. बाबा म्हणतात, तो बीएच्या पोरांचा विषय, तू कॉम्प्युटर घे. मला बँकेच्या परीक्षा द्यायच्या आहेत, जमलं तर एमए इकॉनॉमिक्सही करावंसं वाटतं. मायनरला काही किंमत असते का?"

मी नागपुरात पंचवीसेक वर्षं अर्थशास्त्र शिकवतोय, आणि त्याआधी मी स्वतः बी.एस्सी.च होतो, फिजिक्सचा. तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून सरळ 'तू' म्हणतो.

तू एक प्रश्न विचारलास, पण त्यात तीन गुंतलेत. मायनरला किंमत आहे का, हा वरचा. त्याच्या खाली, एमएचं दार यानं उघडतं का, हा दुसरा. आणि तिसरा तू विचारलाच नाहीस, पण "नुसत्या व्याख्या दिसल्या" या तक्रारीत तो आहे: मला गणित येतं, ते इथं कुठं लागणार? माझ्या मते निर्णय या तिसऱ्यावर व्हायला हवा. पण आधी पहिले दोन उरकून घेऊ, कारण त्यांची उत्तरं सरळ आहेत.

बँकेच्या पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) आणि क्लार्कच्या परीक्षांना कुठल्याही शाखेची पदवी चालते. मायनर काय होता, हे अर्ज भरताना कोणी विचारत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी अधिकाऱ्याच्या सर्वसाधारण प्रवाहालाही कुठलीही पदवी चालते, फक्त टक्क्यांची अट आहे. मात्र तिथं दुसऱ्या टप्प्यात आर्थिक आणि सामाजिक प्रश्नांवर स्वतंत्र पेपर असतो, आणि त्याला मायनरचा अभ्यास थेट कामी येतो. त्याच रिझर्व्ह बँकेत अर्थशास्त्रज्ञांचा जो वेगळा प्रवाह आहे, त्याला मात्र अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते. केंद्राच्या इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसलाही तसंच. नेट देऊन प्राध्यापक व्हायचं तरी एमए हवंच. म्हणजे नुसत्या मायनरच्या जोरावर 'इकॉनॉमिस्ट' म्हणून कोणी घेणार नाही. हे आत्ताच समजून घे, पुढचा मनस्ताप वाचेल.

एमएचं दार मात्र उघडतं. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२४ मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमांची जी चौकट काढली, तिच्यात पदवीचा मेजर किंवा मायनर, यापैकी कुठल्याही विषयात पुढे प्रवेश घेता येतो असं म्हटलंय. शिवाय त्या विषयाची प्रवेश परीक्षा पास झालीस, तर पदवीला तो विषय नव्हता तरी चालतं, असंही आहे. विद्यापीठं हे आपापल्या नियमांत कसं बसवतात ते ज्या त्या वर्षीच्या प्रवेशपुस्तिकेत बघावं लागतं. पण माझा अनुभव असा, की गणिताच्या विद्यार्थ्याची अडचण प्रवेशाला होत नाही, आत गेल्यावर पहिल्या दोन महिन्यांत होते. माझी झाली होती. ते पुढे सांगतो.

आता ज्या गोष्टी तुझ्या कॉलेजवर अवलंबून आहेत, त्या. नवीन शैक्षणिक धोरण आपल्याकडे स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि बाकीच्या कॉलेजांत २०२४-२५ पासून आलं. मायनर साधारण १८ ते २० क्रेडिटचा. थिअरीच्या एका क्रेडिटला वर्गातले १५ तास धरतात, म्हणजे पूर्ण पदवीत मिळून २७० ते ३०० तास. तीन वर्षांच्या पदवीचे एकूण क्रेडिट १२० ते १३२, त्यातला हा सहावा-सातवा हिस्सा झाला. इथपर्यंत कागदावर सगळीकडे सारखं. पण ते ३०० तास कोण शिकवणार, कुठले पेपर, आणि तुमच्या गणिताच्या तासाला धडकणारं वेळापत्रक आहे की नाही, हे कॉलेजागणिक बदलतं. यादीत विषय छापलेला असणं आणि वर्ग खरोखर भरणं यात आपल्याकडे बरंच अंतर असतं, बरं का. पाचच पोट्टे जमले तर वर्ग गुंडाळून त्यांना दुसऱ्या मायनरमध्ये ढकललेलं मी पाहिलंय.

म्हणून यादीवर टिक करण्याआधी अर्थशास्त्र विभागात जा. तिथं विचार, की सायन्सची मुलं मायनरला याआधी कोणी घेतलीत का, आणि असतील तर त्यांच्याशी बोल. पहिल्या वर्षी विषय न घेतलेल्याला तो दुसऱ्या वर्षी मायनर म्हणून देता येतो का, हे ऑफिसात विचारून लेखी घे. तोंडी "होऊन जाईल" वर जाऊ नकोस. आणि पुढच्या सगळ्या सत्रांचे पेपर कुठले, त्यांची नावं नाही, आतला अभ्यासक्रम माग.

हा शेवटचा मुद्दा मी स्वतः चुकून शिकलोय. काही वर्षांपूर्वी, मायनर हा शब्द आपल्याकडे यायच्या आधी, एका हुशार मुलानं ऐच्छिक पेपरांचा फॉर्म माझ्यासमोर ठेवला. बस पकडायची घाई होती. त्यानं भरलेलं न वाचताच मी सही ठोकली. त्यानं एकामागून एक निवडलं होतं: भारतीय अर्थव्यवस्था, महाराष्ट्राची अर्थव्यवस्था, सहकार, ग्रामीण विकास. चारही पेपर वाईट नाहीत. एमपीएससी करणाऱ्याला त्यांचा उपयोगच होतो. पण याला एमएला मुंबईला जायचं होतं. प्रवेश परीक्षेत त्याच्यापुढं उपभोक्त्याचं वर्तन, समतोल, संभाव्यता आली, आणि त्याच्याकडे होत्या पंचवार्षिक योजनांच्या तारखा. एक वर्ष गेलं त्याचं. मला कधी बोलला नाही, पण ती सही माझी होती.

तर तुझ्यासाठी क्रम असा: आधी सूक्ष्म अर्थशास्त्र (मायक्रो), मग समग्र (मॅक्रो), आणि जमलं तर इकॉनोमेट्रिक्सच्या, म्हणजे आकडेवारीतून आर्थिक संबंध मोजण्याच्या, जवळ जाणारं काही. सार्वजनिक वित्त किंवा बँकिंग यापैकी एखादा पेपर सोबत असेल तर उत्तम. 'अर्थशास्त्रासाठी संख्याशास्त्र' असा पेपर असेल तर आधी त्याचा अभ्यासक्रम तपास, त्यातला अर्धा भाग तू गणिताच्या वर्गात आधीच शिकलेली असशील. क्रेडिट फुकट मिळतात म्हणून मुलं घेतात. तू घेऊ नकोस.

आता कॉम्प्युटर सायन्स. बाबांचं म्हणणं चुकीचं नाही, पण त्यांना मी हे सांगेन. कोडिंग तुला यायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पायथॉन किंवा आर न येणारा अर्थशास्त्राचा विद्यार्थी आता मागे पडतो. प्रश्न एवढाच, की यातलं काय वर्गात बसून शिकायचं आणि काय खोलीवर बसून. कोड चुकला तर मशीन लगेच लाल अक्षरात सांगतं, या ओळीत चुकलंय. तू दुरुस्त करतेस, पुन्हा चालवतेस. रात्री दोन वाजता होस्टेलच्या खोलीत हे जमतं. अर्थशास्त्रातला तर्क चुकला तर असं काही लाल होत नाही. चुकीचं उत्तर बरोबर उत्तराइतकंच गुळगुळीत दिसतं, आणि ते चुकीचं आहे हे सांगायला समोर कोणीतरी माणूस लागतो, जो म्हणेल, "थांब, हे तू गृहीत कसं धरलंस?" म्हणून माझा कल असा आहे की ज्याला माणूस लागतो ते वर्गात शिकावं, आणि ज्याला मशीन पुरतं ते खोलीवर.

हे नुसतं बोलून पटणार नाही. तू काटोलची आहेस, तर संत्र्यावरच सांगतो.

समज, मागच्या आंबिया बहाराला, म्हणजे संत्र्याच्या त्या हंगामाला, तुमच्या बागेतून १० टन माल निघाला आणि नागपूरच्या कळमना बाजारात ४०,००० रुपये टनानं गेला. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतलेत. चार लाख झाले. यंदा पाऊस वेळेवर, फळगळ कमी, तुमच्याकडे १२ टन निघाला. पण तुमच्याकडेच नाही, नरखेडलाही निघाला, वरुडलाही निघाला. हर्रासात, म्हणजे लिलावात, भाव २८,००० वर आला. हाती ३,३६,००० रुपये. माल २० टक्के जास्त, पैसे ६४,००० रुपये कमी, आणि वर तोडणीची मजुरी दोन टनांची जास्त.

हे तुमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. "पीक आलं की भाव पडतो", यात शिकण्यासारखं काय? आता तुझं गणित आण. एकूण उत्पन्न म्हणजे भाव गुणिले माल. भाव हा मालाचंच फलन आहे, कारण आवक वाढली की तो पडतो. या गुणाकाराचं मालाच्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह काढ, प्रॉडक्ट रूल लाव, भाव कंसाबाहेर घे. कंसात उरतं: एक, वजा लवचीकतेचा व्यस्त. तू पुस्तकात वाचलेली 'मागणीची लवचीकता', म्हणजे भाव एक टक्का हलला तर मागणी किती टक्के हलते, ही व्याख्या इथं राहते. वरच्या उदाहरणात माल २० टक्क्यांनी वाढला, भाव ३० टक्क्यांनी पडला, म्हणजे लवचीकता ढोबळमानानं दोन तृतीयांश. तिचा व्यस्त दीड. एक वजा दीड, उणे अर्धा. उणे चिन्ह आलं, म्हणजे बाजारात येणारा प्रत्येक वाढीव टन सगळ्यांचं मिळून उत्पन्न कमी करतोय. सगळा घोळ त्या एका चिन्हात आहे. लवचीकता एकपेक्षा जास्त असती, तर ते चिन्ह अधिक झालं असतं आणि पीक आल्यावर काटोलात पेढे वाटले असते.

मग बाबांनी कमी माल न्यावा का? नाही. ते एकटे दोन टन घरी ठेवतील तर कळमन्यात भाव एक रुपयानंही चढणार नाही, त्यांचेच दोन टन सडतील. सगळ्यांसाठी खरं असलेलं एकट्यासाठी खरं नाही. हे वाक्य ऐकायला सोपं आहे, पण दरवर्षी परीक्षेत निम्मा वर्ग इथंच पडतो.

अजून एक पायरी पुढे जाऊ, कारण खरी गंमत तिथं आहे. समज, तू कळमन्याची दहा वर्षांची आवक आणि भाव मिळवलेस आणि पायथॉनमध्ये टाकून लीस्ट स्क्वेअर्सची, म्हणजे सगळ्या ठिपक्यांच्या जास्तीत जास्त जवळून जाणारी, रेषा काढलीस. अर्ध्या सेकंदात रेषा येईल. ती मागणीची रेषा आहे की पुरवठ्याची? दोन्ही त्याच दोन अक्षांवर असतात. एखाद्या वर्षी गारपीट झाली, पुरवठा सरकला. एखाद्या वर्षी बांगलादेशाने संत्र्यावरचं आयातशुल्क वाढवलं, तिकडची खरेदी घटली, मागणी सरकली. आलेखावरचा प्रत्येक ठिपका हा दोन्ही रेषा त्या वर्षी जिथं छेदल्या ती जागा. त्या ठिपक्यांतून काढलेली तुझी रेषा कदाचित ना मागणीची, ना पुरवठ्याची. पायथॉन यावर एक शब्द बोलणार नाही. उलट तीन दशांशांपर्यंत उत्तर देईल.

यातून सुटायचं कसं, हे अमेरिकेत फिलिप राईट या अर्थशास्त्रज्ञानं १९२८ साली दाखवलं. तो तेलांवरच्या आयातकराचा अभ्यास करत होता, आणि त्यानं हिशेबाला घेतलेल्या मालांत एक होता जवस. आपण ज्याची चटणी करतो तो. युक्ती अशी: असं काहीतरी शोध जे फक्त एकाच रेषेला हलवतं. हवामान जवसाचं पीक कमी-जास्त करतं, पण जवसाचं तेल विकत घेणाऱ्याच्या गरजेला हात लावत नाही. म्हणजे हवामानामुळं भाव जेवढा हलला, तेवढाच भाग घेऊन मागणीची रेषा शोधता येते. यालाच पुढे इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल म्हणू लागले. गणित म्हणून बघशील तर दोन समीकरणं आणि दोन अज्ञात, तू बारावीत सोडवलीस ती. पण गारपीट चालते आणि बांगलादेश चालत नाही, हे कुठल्या समीकरणात लिहिलेलं नसतं. त्यासाठी संत्र्याचा बाजार माहीत असावा लागतो. तुला तो माहीत आहे. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांना नसतो.

म्हणून पहिल्या आठवड्यात मी मुलांना सकाळीच बाजारात पाठवतो. कोणी कळमन्याला, कोणी कॉटन मार्केटला. (बाहेरगावची मुलं तिथं कापूस शोधत फिरतात. कॉटन मार्केटात भाजी मिळते. नागपूरची ही खोड आहे.) वहीत तीन गोष्टी लिहून आणायच्या: पहिला भाव काय बोलला गेला, शेवटचा काय, आणि मधे काय झालं. तिसऱ्या रकान्यात मुलं काय लिहितात त्यावरून मला कळतं, याला विषय जमणार की नाही.

आता माझी गोष्ट. बी.एस्सी. फिजिक्स करून मी एमएला गेलो तेव्हा गणितावर माझा फार भरवसा होता. वर्गात ठराविक पैशात जास्तीत जास्त समाधान कसं मिळवायचं, हा प्रश्न आला. मी लाग्रांजचा गुणक लावून फळ्यावर तीन ओळींत सोडवला. सगळे बघत राहिले. सरांनी विचारलं, "हा लॅम्डा म्हणजे काय?" मी म्हटलं, गुणक आहे सर. "ते कळलं. पण आहे काय तो? रस्त्यावरच्या पानवाल्याला सांगून दाखव." मला सांगता येईना. खिशात एक रुपया जास्त आला तर समाधान किती वाढेल, तो लॅम्डा. एवढंच. मी उत्तर काढलं होतं, पण कशाचं ते मला ठाऊक नव्हतं. पहिले दोन महिने असेच गेले, सोडवता सगळं येतं, सांगता काही येत नाही. तुझ्या मेजरसोबत इकॉनॉमिक्स मायनरला असेल, तर ही ठेच तुला एमएला न लागता आत्ताच लागेल, आणि आत्ता ती स्वस्तात लागते.

भाषेबद्दल तू विचारलं नाहीस, पण आपल्याकडे हा अडसर मोठा आहे. नोट्स मराठीत मिळतात, प्रवेश परीक्षा आणि चांगली पुस्तकं इंग्रजीत. घाबरू नकोस, उलट मराठी शब्दांचा फायदा करून घे. 'सीमांत' म्हणजे मार्जिनल, आणि तुझ्यासाठी मार्जिनल म्हणजे पहिलं डेरिव्हेटिव्ह. सीमांत खर्च, सीमांत उपयोगिता, सीमांत उत्पन्न, तिन्ही व्याख्या एका ओळीत संपल्या. 'घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत' हे भारदस्त नाव म्हणजे दुसरं डेरिव्हेटिव्ह उणे आहे, इतकंच. व्याख्यांचं पुस्तक असं वाचत गेलीस तर ते निम्म्यावर येईल. सुरुवातीला एनसीईआरटीची बारावीची सूक्ष्म आणि समग्र, दोन पुस्तकं पुरेत. ऑनलाइन फुकट मिळतात. उन्हाळ्यात होतील.

व्याख्याच पाठ करायच्या असतील तर त्या बँकेच्या मुलाखतीतही उघड्या पडतात. चलनवाढीचं लक्ष्य ४ टक्के, वर-खाली २ टक्क्यांची मुभा, सहा जणांची पतधोरण समिती, २०१६ पासून. एवढं प्रत्येक क्लासवाला रट्टा मारून घेतो. पुढचा प्रश्न येतो, "कांदा पावसानं महागला तर व्याजदर वाढवून कांदा स्वस्त होईल का?" आणि तिथं शांतता पसरते. पुरवठ्यामुळं आलेली महागाई आणि मागणीमुळं आलेली, यातला फरक ज्यानं संत्र्यावर समजून घेतलाय, तो निदान बोलायला लागतो.

विदर्भात राहणाऱ्या गणिताच्या विद्यार्थ्याला प्रोजेक्टसाठी विषयही आयते आहेत. अनुशेष, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या भागाची तूट, हा शब्द तू लहानपणापासून ऐकला असशील. दांडेकर समितीनं १९८४ मध्ये तो मोजताना राज्याच्या सरासरीपेक्षा जिल्हा किती मागे, अशी पट्टी लावली. आता गणिती डोक्यानं बघ: मागे असलेल्यांना सरासरीपर्यंत आणलं, की सरासरीच वर सरकते. मग कोणीतरी पुन्हा मागे असतंच. मोजपट्टी कशी निवडावी, यावर २०१३ च्या केळकर समितीपर्यंत वाद चालू होता. राजकारण बाजूला ठेवून नुसता हा मोजण्याचा प्रश्न घेतलास तरी एक चांगला फील्ड प्रोजेक्ट होतो, आणि गणिताच्या मार्गदर्शकालाही तो चालेल.

किंवा कापूस घे. २०२५-२६ चा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काही महिन्यांसाठी उठवलं गेलं. सूतगिरणीचा फायदा किती, शेतकऱ्याचा तोटा किती, आणि सीसीआयची (कॉटन कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सरकारी कंपनीची) खरेदी गावाजवळ नसेल तर हमीभावाचा कागद कुठवर टिकतो, हे आकडे घेऊन बघायला कोणी बसलं तर मला वाचायला आवडेल.

एवढं सगळं सांगून मी इकॉनॉमिक्सचाच वकील झालोय, हे मला कळतंय. म्हणून उलट बाजूही सांगतो. विभागात गेल्यावर तुला कळलं की वर्गात फक्त नोट्स उतरवून देतात, प्रश्न विचारलेला चालत नाही, तर माझा वरचा सगळा युक्तिवाद गळून पडतो. ज्यासाठी माणूस हवा म्हटलं तो माणूसच तिथं नाही. मग बाबांचं ऐक, कॉम्प्युटर सायन्स मायनर घे, आणि इकॉनॉमिक्स ओपन इलेक्टिव्हमध्ये, म्हणजे खुल्या ऐच्छिक विषयात, घे. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेतलंच घ्यावं लागतं, त्यामुळे बी.एस्सी.वालीला ते सहज बसतं. दोन-चार क्रेडिटचं असलं तरी चव कळते, आणि एमएची प्रवेश परीक्षा देण्याचा रस्ता बंद होत नाही. तसंच तुला मनापासून सॉफ्टवेअरमध्येच जायचं असेल, आणि एमए हे नुसतं "जमलं तर" असेल, तरीही कॉम्प्युटरच. मनात नसलेला विषय ३०० तास ओढणं फार जड जातं.

थोडक्यात माझं मत: बँकेच्या पीओ-क्लार्कसाठी मायनर कुठलाही घे, फरक पडत नाही. एमए खरंच करायचं असेल आणि शिकवणारा बरा असेल तर इकॉनॉमिक्स घे, सूक्ष्म आणि समग्रचे पेपर आहेत याची खात्री करून. पायथॉन खोलीवर शीक.

बाबांचं "बीएच्या पोरांचा विषय" हे राहिलं. त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यांना एक प्रश्न विचार. बागेवर फळ असतानाच व्यापाऱ्याशी सौदा करून मोकळे होतात, की तोडून स्वतः कळमन्याला नेतात? सौद्यात भाव कमी मिळतो हे त्यांना माहीत असतं, तरी बरेच जण करतात. गारपीट झाली, फळगळ झाली, भाव पडला, तर डोक्याला ताप व्यापाऱ्याच्या. तो ताप दुसऱ्यावर टाकायचे ते पैसे मोजतायत. टनामागे नेमके किती, हे काढता येतं, आणि त्याला आमच्या विषयात एक अख्खं प्रकरण आहे. पण ते काढायला सौद्याचा भाव आणि त्याच हंगामातला कळमन्याचा भाव, दोन्ही लागतात, निदान पाच-सहा वर्षांचे. बाबांकडे जुन्या वह्या असतील. नसतील तर काकांकडे, शेजाऱ्याकडे असतील. दिवाळीला गावी जाशील तेव्हा बघ आणि काय सापडतं ते मला कळव.